‘अकोले’ या शब्दात अक्षरे किती?

पहिलीतल्या मुलालाही उत्तर देता येईल असा एक प्रश्न विचारतो. ‘अकोले’ या शब्दात अक्षरे किती? अ, को, ले. तीन. यात शंका घेण्यासारखे काही नाही.

आता हाच प्रश्न संगणकाला विचारू. पायथन या संगणकभाषेत शब्दाची लांबी सांगणारी ‘लेन’ नावाची तयार आज्ञा आहे. तिच्या हाती ‘अकोले’ हा शब्द दिला, की ती उत्तर देते, पाच! तोच शब्द आजच्या रूढ पद्धतीने साठवला आणि त्याने किती जागा व्यापली ते पाहिले, तर उत्तर येते पंधरा बाइट.

तीन, पाच आणि पंधरा. यांतले खरे उत्तर कोणते? गंमत अशी, की तिन्ही खरी आहेत. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, इतकेच. हा फरक ज्याला कळला, त्याने मराठीसाठी आज्ञावली लिहिण्याचे निम्मे काम केले असे समजा. ज्याला तो कळला नाही, त्याची आज्ञावली एखाद्या दिवशी शिष्यवृत्तीच्या यादीत असलेल्या मुलीला ‘हे नाव यादीत नाही’ असे सांगून मोकळी होईल. असे का घडते आणि ते टाळण्यासाठी जवळ काय बाळगावे, हे या लेखात पाहू.

संगणकाला अक्षर दिसत नाही

संगणकाच्या स्मृतीत अक्षरांची चित्रे ठेवलेली नसतात. तेथे असतात फक्त संख्या. कोणत्या चिन्हाला कोणती संख्या द्यायची, याचा एक जागतिक तक्ता आहे. त्याला युनिकोड म्हणतात. त्याचा पहिला खंड १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक आले. ही मांडणी भारतात तयार झालेल्या ‘इस्की’ या तक्त्याच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे.

या तक्त्यात अ चा क्रमांक २३०९, क चा २३२५, ल चा २३५४. आणि को? को ला क्रमांकच नाही! क ला क्रमांक आहे आणि ओ च्या मात्रेला, म्हणजे ‘ो’ या चिन्हाला, २३७९ हा वेगळा क्रमांक आहे. तसाच ‘े’ या मात्रेला २३७५. म्हणून ‘अकोले’ म्हणजे संगणकाच्या दृष्टीने पुढील पाच संख्यांची रांग:

२३०९, २३२५, २३७९, २३५४, २३७५

‘पाच’ हे उत्तर येथून आले. आता पंधरा कसे, ते पाहू. हे क्रमांक साठवण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे ‘यूटीएफ-८’. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती १९९२ साली तयार केली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. उदाहरणार्थ, अ साठवला जातो तो २२४, १६४, १३३ अशा तीन बाइटांत. पाच चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणून पंधरा.

आता हाच शब्द रोमन लिपीत लिहून पाहा. पाच अक्षरे, पाच क्रमांक आणि पाचच बाइट! तिन्ही उत्तरे एकच. म्हणजे ज्याने आयुष्यभर रोमन लिपीतच आज्ञावली लिहिली, त्याला या तीन गोष्टी वेगळ्या आहेत याची जाणीव होण्याचे कारणच नाही. आपली अडचण सुरू होते ती नेमकी येथे.

तयार तुकड्यांची पेटी

आज्ञावली लिहिणारा कोणीही प्रत्येक काम पहिल्यापासून करत बसत नाही. सुतार जसा पटाशी, रंधा, गुण्या हाताशी ठेवतो, तसे तो आज्ञांचे लहान लहान तयार तुकडे जवळ ठेवतो. पाच-दहा ओळींचा एक तुकडा, आणि एका तुकड्याचे एकच काम.

ही युक्ती संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. तेथील मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी वारंवार लागणाऱ्या आकडेमोडींचे तुकडे एकदाच नीट लिहून, तपासून, भोके पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवले. ज्याला लागेल त्याने ती फीत घ्यावी आणि आपल्या कामात जोडावी. १९५१ साली या तिघांनी आज्ञावली कशी लिहावी यावर पुस्तक लिहिले. त्यात या तुकड्यांच्या संग्रहाला मोठे स्थान आहे.

आज असे तुकडे आयते, फुकट आणि हवे तेवढे मिळतात. पण त्यांतले पुष्कळसे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे गाव. देशी बियाणे जपणारे कोणतेही घर तुम्हांला सांगेल, की बी नुसते डब्यात ठेवून भागत नाही; ते उगवते की नाही हे पेरणीपूर्वी पाहावे लागते आणि आपल्या मातीत उगवते की नाही हेही पाहावे लागते. तयार तुकड्यांचे तसेच आहे. म्हणून मराठीच्या मातीत उगवणारे पाच तुकडे येथे देत आहे. ते साध्या मराठीत लिहिले आहेत. तुम्हांला जी संगणकभाषा येत असेल तीत ते उतरवा.

तुकडा पहिला: अक्षरे मोजणे

१. मोजणी शून्यावर ठेवा.
२. शब्दातील चिन्हे डावीकडून एकेक घ्या.
३. चिन्ह स्वर किंवा व्यंजन असेल आणि त्याच्या आधी हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह, क्रमांक २३८१) नसेल, तर मोजणी एकाने वाढवा.
४. मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त यांना मोजू नका.

‘ब्राह्मणवाडा’ या गावाच्या नावावर हा तुकडा चालवून पाहू. ब मोजला: एक. मग हलन्त, पुढचा र हलन्तानंतर आला म्हणून सोडला. काना सोडला. ह मोजला: दोन. हलन्त, म सोडला. ण: तीन. व: चार. ड: पाच. ब्रा, ह्म, ण, वा, डा. बरोबर पाच! ‘लेन’ या आज्ञेला विचारले असते, तर तिने बारा सांगितले असते.

याच तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे. पुष्कळ अर्जांत किंवा ओळखपत्रांवर नावासाठी ठरावीक जागा असते आणि आज्ञावली लांब नाव छाटते. ‘ब्राह्मणवाडा’ सहा चिन्हांवर छाटला तर उरते ‘ब्राह्’, पाय मोडून लटकलेला ह! म्हणून छाटणी करताना, जेथे नवे अक्षर सुरू होते तेथेच कात्री लावायची. ती जागा कोणती, हे वरची तिसरी पायरी सांगते.

तुकडा दुसरा: आपले अंक

समजा, पावसाळ्यात घाटघर, रतनवाडी, भंडारदरा येथील रोजच्या पावसाचे आकडे तुम्ही संगणकात भरत आहात. एकाने ‘१२५’ असे देवनागरी अंकांत लिहिले, दुसऱ्याने तीच संख्या इंग्रजी अंकांत. माणसाला दोन्ही सारखीच. संगणकाला मात्र देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. पायथनमध्ये मजकुराची पूर्णांक संख्या करणारी ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंक बिनतक्रार वाचते. पण जावास्क्रिप्ट या भाषेत असेच करायला गेलात तर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. उपाय अगदी सोपा आहे. २४०६ मधून ४८ वजा करा, उरतात २३५८. आता:

१. मजकुरातील प्रत्येक चिन्हाचा क्रमांक पाहा.
२. तो २४०६ ते २४१५ या मर्यादेत असेल, तर त्यातून २३५८ वजा करा.
३. सर्व चिन्हे झाल्यावरच मजकुराची संख्या करा.

८ चा क्रमांक २४१४. त्यातून २३५८ गेले, उरले ५६. आणि ५६ हा इंग्रजी आठाचाच क्रमांक आहे. तिसरी पायरी विसरू नका. संख्या न करता मजकूर म्हणूनच तुलना केली, तर संगणक ‘९’ ला ‘१०’ पेक्षा मोठे ठरवतो, कारण तो पहिले चिन्ह पाहतो आणि ९ हे १ च्या पुढचे आहे. मग नऊ मिलिमीटर पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर जाऊन बसतो!

तुकडा तिसरा: दिसायला एक, असायला दोन

या तुकड्याकडे नीट लक्ष द्या. वर म्हटलेली शिष्यवृत्तीच्या यादीची अडचण येथे आहे.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. यातला ऱ्ह लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला, क्रमांक २३५३, हलन्त जोडतात आणि पुढे ह. दुसऱ्या रीतीत नेहमीचा र, क्रमांक २३५२, मग हलन्त, मग क्रमांक ८२०५ चे एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढे ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. पण पहिल्या रीतीत आडनावाची चिन्हे आठ होतात, दुसरीत नऊ. शाळेने यादी एका रीतीने भरली आणि शोधणाऱ्याने आडनाव दुसऱ्या रीतीने टंकलिखित केले, तर दोन रांगा जुळत नाहीत. संगणक म्हणतो, नाव नाही. तो खोटे बोलत नाही. त्याच्या दृष्टीने ती रांग खरोखरच तेथे नसते. पण नाव असूनही ते सापडत नाही आणि त्या मुलीला हेलपाटे पडतात.

अशीच दुसरी जोडी ‘ॲ’ ची. ‘ॲसिड’मधल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली. अ ला चंद्राचे चिन्ह जोडूनही ते तसेच दिसते. क्रमांक मात्र एकाऐवजी दोन होतात. तिसरी खोड विसर्गाची. ‘स्वतः’मधला विसर्ग हा २३०७ क्रमांकाचा, पण घाईत पुष्कळजण तेथे इंग्रजी अपूर्णविराम टाकतात, त्याचा क्रमांक ५८. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे शब्द या तुकड्यातून गाळून घ्या:

१. र, हलन्त, ८२०५ अशी रांग दिसली, की तेथे ऱ आणि हलन्त ठेवा.
२. अ नंतर चंद्र, २३७३, आला, की दोन्हींच्या जागी २४१८ ठेवा.
३. शब्दाच्या आत देवनागरी चिन्हानंतर ५८ आला, की तेथे २३०७ ठेवा.
४. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा. मध्ये एकापेक्षा जास्त असतील तर एकच ठेवा.

पहिल्या पायरीत एक धोका आहे. ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असा एक आयता तुकडा सर्वत्र मिळतो. तो मराठीवर चालवला तर काय होईल? ‘दऱ्या’ हा शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेला असेल, तर त्यातले जोडचिन्ह जाईल आणि उरेल ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांचा एका क्षणात समुद्र होईल! म्हणून ते चिन्ह नुसते काढायचे नाही. त्याच्या जागी योग्य र आणायचा.

तुकडा चौथा: अकारविल्हे लावणे

कर्जत, कसारा, कळवण, कळसूबाई ही चार नावे अकारविल्हे आहेत ना? होय. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, हे तुम्ही लहानपणापासून म्हणत आला आहात. पण संगणकाने क्रमांकांप्रमाणे हीच नावे लावली, तर क्रम होतो कर्जत, कळवण, कळसूबाई, कसारा. कारण युनिकोडमध्ये ळ ल च्या शेजारी, २३५५ वर बसला आहे. स आहे २३६० वर. वेगवेगळ्या भारतीय लिपींसाठी एकच आराखडा ठेवल्याचा हा परिणाम. क्ष आणि ज्ञ यांनाही वेगळा क्रमांक नाही. क, हलन्त, ष मिळून क्ष होतो, म्हणून ‘क्षितिज’ क च्या शब्दांत जाऊन बसते; मराठी वर्णमालेत मात्र क्ष आणि ज्ञ ळ च्याही नंतर येतात.

हे सुधारण्यासाठी मूळ नावांना हात लावायचा नाही. प्रत्येक नावाची तुलनेपुरती एक वेगळी संख्यारांग तयार करायची:

१. ळ दिसला, की २३५५ ऐवजी २३६१.५ लिहा.
२. क, हलन्त, ष या तीन संख्यांऐवजी २३६१.६ ही एकच लिहा.
३. ज, हलन्त, ञ या तिन्हींऐवजी २३६१.७ लिहा.
४. या नव्या रांगांप्रमाणे क्रम लावा. दाखवताना मूळ नावे दाखवा.

ह चा क्रमांक २३६१ आहे. त्याच्या पुढे अपूर्णांकात जागा शोधली, की झाले! मराठी क्रम लावून देणारी मोठी साधनेही आहेत. पण ती आतून साधारणपणे हेच करतात.

तुकडा पाचवा: शब्द उलटा करणे

हा गमतीचा आहे, पण चाचणीसाठी फार उपयोगी. ‘अकोले’ चिन्हागणिक उलटे केले, तर सुरुवातीला एक अनाथ मात्रा येते आणि पुढे ‘लोकअ’ उरते. ओ ची मात्रा क ला सोडून ल च्या गळ्यात पडली! पहिल्या तुकड्याने शब्दाची अक्षरे पाडून मग त्यांचा क्रम उलटा केला, तर ‘लेकोअ’ हे योग्य उत्तर मिळते.

काम सुरू करण्यापूर्वी

पेटी तयार झाली, तरी संगणकाची मांडणी नीट हवी. त्यासाठी चार सूचना.

पहिली, टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा मानक कळफलक शिकून घ्या. त्यात व्यंजन, हलन्त, मात्रा ही चिन्हे ज्या क्रमाने साठवायची त्याच क्रमाने दाबावी लागतात, त्यामुळे आपण आत काय भरतो आहोत हे हाताला कळते.

दुसरी, फाइल साठवताना आणि उघडतानाही ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट सांगा. न सांगितल्यास काही संगणक दुसराच तक्ता वापरतात आणि पडद्यावर परक्या चिन्हांची माळ दिसते. त्या माळेत दर तिसऱ्या जागी तेच एक चिन्ह दिसले, तर घाबरू नका. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो, त्याची ती खूण! मजकूर शाबूत आहे. चुकला आहे तो वाचण्याचा तक्ता. अशा वेळी ती फाइल पुन्हा साठवू मात्र नका; योग्य तक्ता सांगून पुन्हा उघडा.

तिसरी, मूळ यादीवर कधीही काम करू नका. तिची प्रत काढा आणि प्रतीवर प्रयोग करा.

चौथी, प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर दोन ओळी लिहा: हा काय करतो, आणि कोणत्या शब्दांवर तपासला. सहा महिन्यांनी तुम्हांला स्वतःलाच त्या ओळींची गरज पडेल.

चाचणीचे शब्द कोणते?

प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर आपण आधी शून्य त्रुटी पाहतो. आज्ञांच्या तुकड्याचेही तसेच करायचे. उत्तर आधीच माहीत असलेला शब्द द्यायचा. पण शब्द निवडताना सावध राहा. ‘रतनगड’ हा शब्द दिला, तर अक्षरे पाच आणि चिन्हेही पाचच. चुकीचा तुकडासुद्धा येथे बरोबर उत्तर देईल! ज्यात मात्रा आहे, जोडाक्षर आहे, अनुस्वार आहे, ऱ आहे, ळ आहे, असे शब्द मुद्दाम घ्या. पुढील शब्द वहीत लिहून ठेवा. कंसात अक्षरे, चिन्हे आणि बाइट या क्रमाने उत्तरे दिली आहेत.

अकोले (३, ५, १५)
कोंभाळणे (४, ८, २४)
ब्राह्मणवाडा (५, १२, ३६)
कुऱ्हाडे (३, ८, २४)
क्षितिज (३, ७, २१)

आता ‘कुऱ्हाडे’ दुसऱ्या रीतीने, अदृश्य जोडचिन्हासह लिहा आणि पहिला तुकडा चालवा. उत्तर चार येईल! का, ते शोधा. हलन्त आणि ह यांच्या मध्ये काय आले आहे? मग ठरवा, की आधी तिसरा तुकडा चालवायचा की पहिला. तुकड्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो, तो असा.

जेथे तुकडा पुरत नाही

एवढी तयारी करूनही एक काम बाकी राहते. ‘अकोले’ हा शब्द बातम्यांत शोधा. ‘अकोल्यात पाऊस’ ही बातमी सापडणार नाही, कारण विभक्ती लागताना ‘ले’ चे ‘ल्या’ झाले. बरे, ‘अकोल्या’ असे शोधावे, तर विदर्भातील अकोला जिल्ह्याच्या बातम्याही येतात. अकोला आणि अकोले या दोन्हींचे सामान्यरूप एकच आहे! येथे क्रमांकांची कोणतीही उलटापालट उपयोगी पडत नाही. आजूबाजूच्या वाक्यात प्रवरेचे, राजूरचे, संगमनेरचे नाव आहे की मूर्तिजापूरचे, हे पाहावे लागते. म्हणजे व्याकरण हवे आणि भूगोलही हवा.

तेव्हा मित्रांनो, संगणकाचा अभ्यास करणाऱ्याला मराठी व्याकरणाची काय गरज, असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण सांगा. शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात संगणक नसला तरी यांतले पाचही तुकडे कागदावर चालवता येतात. एका मुलाने चिन्हे सांगावी, दुसऱ्याने नियम लावावा, तिसऱ्याने मोजणी ठेवावी. सुरुवात वर्गाच्या हजेरीपटापासून करा. प्रत्येकाने आपले नाव, आडनाव आणि गाव घेऊन अक्षरे, चिन्हे व बाइट काढावेत आणि कोणाचे नाव दोन रीतींनी लिहिता येते ते शोधावे. जी नावे अशी सापडतील, ती चाचणीच्या यादीत घाला. तुमच्या गावाची ती यादी दुसरे कोणी तयार करून देणार नाही.